मज्जारज्जूला इजा झाली आहे. गर्भनिरोधक कोणते निवडाल?

मज्जारज्जूला इजा झालेल्या वाचकांची पत्रे बहुधा लघवीच्या जंतुसंसर्गापासून सुरू होतात. मग बसून-झोपून झालेल्या जखमा येतात, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र. गर्भनिरोधनाचा प्रश्न शेवटच्या ओळीत असतो, तोही 'जाता जाता एक विचारायचे होते' म्हणून. अपघातानंतर पाळीच आलेली नाही, मग काळजी कशाची? नवऱ्याला कमरेखाली काही समजत नाही, त्याच्यापासून दिवस कसे राहतील? आरोग्य केंद्रात विचारले तर 'तुम्हाला कशाला हवंय हे?' असे म्हणाले, आता विचारायचे कुणाला?

झाडावरून किंवा परांचीवरून पडलेले, मोटरसायकलच्या अपघातात सापडलेले, मणक्याच्या टीबीने पाय गेलेले असे अनेक जण ऐन विशी-तिशीत असतात. त्यांच्या घरात हा प्रश्न असणारच. तो विचारताना संकोचू नका. समोरचा डॉक्टर संकोचला तर तुम्ही नेटाने विचारा.

आधी हे पक्के समजून घ्या: दिवस राहू शकतात

स्त्रियांना: इजेनंतर शरीराला बसलेल्या धक्क्याने पाळी काही महिने थांबू शकते. बहुतेकींची ती वर्षाच्या आत पूर्ववत सुरू होते. अंडाशयाचे काम रक्तातल्या संप्रेरकांवर चालते, मज्जारज्जूवर नाही, त्यामुळे गर्भधारणेची क्षमता कायम राहते. स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते. म्हणजे थांबलेली पाळी परत येण्याची वाट पाहत बसलात, तर ती येण्याआधीच दिवस राहू शकतात.

पुरुषांना: बऱ्याच जणांना ताठरतेचा व वीर्यस्खलनाचा त्रास होतो आणि शुक्रजंतूंची हालचालही मंदावते. पण कमी झाली म्हणजे संपली असे नव्हे. इजा अपुरी असेल, म्हणजे थोडी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असेल, तर शक्यता आणखी वाढते. काहींचे वीर्य बाहेर न येता उलटे मूत्राशयात जाते. ते दिसले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, थोडे बाहेर येऊ शकते. 'वेळेवर बाहेर काढण्याच्या' पद्धतीवर तर मुळीच विसंबू नका. जो क्षण जाणवत नाही, तो साधणार कसा?

एक कागद तयार करा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पुढच्या गोष्टी लिहून ठेवा. याशिवाय 'चांगले साधन कोणते?' या प्रश्नाला कुणीच नीट उत्तर देऊ शकणार नाही.

- इजा केव्हा झाली, कोणत्या मणक्याला झाली, पूर्ण की अपुरी. डिस्चार्ज कार्डावर 'डी-६', 'सी-५' असे काही लिहिलेले असते. डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर ते ठळक अक्षरात लिहा.
- पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, विडी-सिगारेट ओढता का.
- एरवीचा रक्तदाब किती असतो.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावे. टीबीची आणि फिटची औषधे विसरू नका.
- लघवीची नळी कोणती आहे: कायमची, पोटातून काढलेली, की दिवसातून काही वेळा स्वतः घालायची. रबराने अंगावर पुरळ येते का.
- बोटांनी गोळीचे पाकीट फोडता येते का. नसेल तर ते कोण फोडणार, आणि त्या माणसाला हे कळलेले तुम्हाला चालणार आहे का.
- पुढे मूल हवे आहे का, आणि साधारण कधी.

साधने: तुमच्यासाठी वेगळे काय?

गर्भनिरोधकाच्या प्रत्येक माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते: 'पोटात किंवा पायात दुखले तर लगेच या.' तुम्हाला ते दुखणे कळणारच नसेल, तर ती ओळ तुमच्यासाठी निरुपयोगी आहे. म्हणून कोणतेही साधन घेताना डॉक्टरांना विचारा: 'यात काही बिघडले तर दुखण्याशिवाय मला ते कशावरून ओळखू येईल?' उत्तर समाधानकारक मिळाले तरच ते साधन घ्या.

माला एन आणि तत्सम गोळ्या. उपकेंद्रात सर्वांत सहज हातावर पडतात त्या याच, आणि तुम्ही सर्वांत जपून घ्यायच्याही याच. यांत इस्ट्रोजेन असते. त्याने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पाय हलत नसल्याने तुम्हाला गुठळीचा धोका आधीच जास्त, आणि इजेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तो सर्वाधिक असतो. त्या काळात या गोळ्या घेऊच नयेत. नंतरसुद्धा, ब्रिटनमधील डॉक्टरांच्या निकषांनुसार व्हीलचेअरवर असलेल्या स्त्रीसाठी या गोळ्या 'सहसा फायद्यापेक्षा धोका जास्त' या गटात येतात. आधी गुठळी झाली असेल तर विषयच संपला. चालू असतील तर रोज अंघोळीच्या वेळी दोन्ही पोटऱ्या डोळ्यांनी पाहा. एक पाय सुजलेला, गरम किंवा लाल वाटला, अचानक झटके वाढले, बारीक ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाय चोळू नका. एकाएकी धाप लागली किंवा छातीत कोंडले तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

इस्ट्रोजेन नसलेल्या, फक्त प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असलेल्या गोळ्याही औषधाच्या दुकानात मिळतात. गुठळीच्या दृष्टीने त्या बऱ्याच सुरक्षित आहेत, मात्र रोज ठरल्या वेळी घ्याव्या लागतात.

छाया. सरकारी केंद्रात मोफत मिळते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. ज्यांना पाकीट दुसऱ्याकडून फोडून घ्यावे लागते त्यांना ही सोय मोठी आहे. तिच्यात इस्ट्रोजेन नाही, पण ती शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या कामात हस्तक्षेप करते. म्हणून पूर्वी गुठळी झाली असेल तर ते सांगितल्याशिवाय सुरू करू नका. हिने पाळी लांबू शकते आणि 'दिवस तर नाहीत?' अशी धास्ती बसते. आशाताईंकडे 'निश्चय' हे तपासणीचे किट मागा.

अंतरा इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी एक, सरकारी केंद्रात मोफत. सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव अनियमित होतो, पण पुढे अनेकींची पाळी अगदी कमी होते किंवा थांबते. व्हीलचेअरवरून पॅड बदलण्याची कसरत ज्यांनी केली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. तरी तीन गोष्टी तोला.

पहिली, हाडे. इजेखालच्या भागातली हाडे वापर नसल्याने आधीच ठिसूळ झालेली असतात आणि हे इंजेक्शन हाडांतला कॅल्शियमचा साठा आणखी कमी करते. पूर्वी किरकोळ धक्क्याने मांडीचे किंवा पायाचे हाड मोडले असेल तर दुसरे साधन शोधा. दुसरी, वजन. काहींचे ते वाढते, आणि वाढलेला प्रत्येक किलो पलंगावरून खुर्चीत जाताना तुमच्या खांद्यांवर किंवा उचलणाऱ्याच्या कमरेवर येतो. तिसरी, इंजेक्शन बंद केल्यावर गर्भधारणा व्हायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणजे लवकर मूल हवे असेल तर हे नको. इंजेक्शन शक्यतो दंडात मागून घ्या. ज्यावर दिवसभर बसता आणि जिथे काही कळत नाही, तिथे सुई नको.

तांबी. एक प्रकार पाच वर्षे चालतो, दुसरा दहा. गुठळीची भीती नाही, रोजची आठवण नाही, औषधांशी भांडण नाही. अडचण आहे ती संवेदनेची. तांबी सरकली, गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला किंवा गर्भ नळीत राहिला, तर इतर स्त्रीला कळ येते. तुम्हाला कदाचित येणार नाही. तुमचे इशारे वेगळे: कारण नसताना झटके वाढणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अवेळी रक्तस्राव, उंच पातळीची इजा असेल तर डोके ठणकणे व घाम. यांतले काहीही 'लघवीचे इन्फेक्शन असेल' म्हणून सोडून देऊ नका. धागा स्वतःला तपासता येत नसेल, तर जोडीदाराला शिकवा किंवा नर्सताईंकडून ठरावीक काळाने तपासून घ्या. तांबीने पाळीचा स्राव वाढतो, हीसुद्धा रोजच्या व्यवहारातली अडचण आहे. स्राव कमी करणारी, संप्रेरक सोडणारी तांबी खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मिळते. तिचा खर्च हजारांत आहे, पण ती काही वर्षे चालते. परवडत असेल तर पाळीची स्वच्छता हीच ज्यांची मुख्य अडचण आहे, त्यांनी हिचा विचार आधी करावा असे माझे मत आहे.

तांबी बसवायला जाताना आधी पोट साफ करून घ्या आणि लघवी काढून टाका. पाय वर बांधायच्या टेबलावर झोपणे जमणारे नसेल तर कुशीवर झोपवूनही तपासणी करता येते, तसे सांगा. टेबलावर चढवायला दोन माणसे लागतील हे फोनवर आधीच कळवा.

दंडातील कांडी. त्वचेखाली बसवायची ही कांडी सरकारी योजनेत टप्प्याटप्प्याने आणली जात आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. काही वर्षे निर्धास्त राहता येते, हातांची गरज नाही. पाळी मात्र अनियमित होऊ शकते.

निरोध. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासूनही वाचवणारे साधन हेच. तुमच्या बाबतीत काही बारकावे आहेत:

- कंडोम कॅथेटर म्हणजे निरोध नव्हे. तो काढून, त्वचा धुऊन मगच निरोध चढवा.
- मूत्रमार्गात नळी असेल तर पुरुषाने ती लिंगाच्या कडेने मागे दुमडून वरून निरोध चढवावा, स्त्रीने ती पोटावर किंवा मांडीवर चिकटपट्टीने लावावी. आधी पिशवी रिकामी करा.
- खोबरेल तेल, व्हॅसलीन वापरू नका, रबर विरते. पाण्यात विरघळणारी जेली घ्या.
- ताठरता मध्येच गेली की निरोध निसटतो आणि ते जाणवत नाही. नजर ठेवा, नंतर तो फाटला नाही ना हे तपासा.
- ताठरतेसाठी रिंग वापरत असाल तर अर्ध्या तासात काढा. कळत नाही म्हणून राहून गेली तर इजा गंभीर होते.
- वर्षानुवर्षे रबरी नळ्या वापरणाऱ्यांत लॅटेक्सची ॲलर्जी होऊ शकते. लॅटेक्स नसलेले निरोध मिळतात, दुकानात मागा.

योनीत ठेवायच्या शुक्रजंतुनाशक गोळ्यांपासून तुम्ही दूर राहिलेले बरे. त्यांनी लघवीच्या संसर्गाचा धोका वाढतो, आणि तो त्रास तुम्हाला आधीच पुरेसा आहे.

नसबंदी. पुरुषाची बिनटाका नसबंदी सोपी आहे, भूल फक्त जागेपुरती असते. पण ती लगेच लागू होत नाही. तीन महिन्यांनी वीर्य तपासून खात्री करावी लागते. ज्यांना वीर्यस्खलन होत नाही त्यांचा नमुना कसा घ्यायचा, हे आधीच डॉक्टरांशी ठरवा, नाहीतर तपासणी कायमची राहून जाते. स्त्रीची शस्त्रक्रिया दुर्बिणीने करताना पोटात हवा भरतात आणि डोके खाली करतात. मानेच्या इजेत श्वास आधीच तोकडा असतो, त्यामुळे ती शिबिरात करून घेऊ नका. भूलतज्ज्ञ हजर असलेल्या रुग्णालयातच करा. सरकारी निकषांनुसार नसबंदीसाठी विवाहित असणे आणि किमान एक मूल असणे आवश्यक आहे. जोडीदाराची सही मात्र बंधनकारक नाही.

तातडीची गोळी. निरोध फाटला, गोळी चुकली, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले. इस्ट्रोजेन नसल्याने व्हीलचेअरवरील स्त्रीलाही चालते. चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते. नेहमीचे साधन म्हणून मात्र नको. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तरी गर्भधारणा टळते.

टीबीची औषधे चालू असतील तर

हा मुद्दा वेगळा काढला, कारण आपल्याकडे मणक्याच्या टीबीने पाय गेलेल्या स्त्रिया कमी नाहीत आणि टीबीचा दवाखाना व कुटुंबनियोजनाची खोली यांचा एकमेकींशी संवाद क्वचितच असतो. रिफाम्पिसिन हे औषध यकृताला इतके कामाला लावते की गर्भनिरोधक गोळ्या शरीरातून झपाट्याने बाहेर पडतात. माला एन, फक्त प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, दंडातील कांडी, तातडीची गोळी या सगळ्यांचा भरवसा कमी होतो, आणि औषध बंद झाल्यावरही सुमारे चार आठवडे हीच स्थिती राहते. फिटच्या कार्बामाझेपिन व फेनिटॉइनचेही तसेच. या काळात तांबी किंवा अंतरा इंजेक्शन चालते, सोबत निरोध असावा.

उलट, लघवीच्या संसर्गासाठी घेतलेल्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी गोळ्यांचा परिणाम जात नाही. बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन यांचीही चिंता नको.

डी-६ किंवा वर इजा असेल, तर हे घरच्यांना वाचून दाखवा

इजेखाली काहीही टोचले, ताणले, तुंबले की शरीर ते मेंदूला सांगू शकत नाही, पण रक्तदाब मात्र एकदम चढवते. डॉक्टर याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. तांबी बसवणे, योनीमार्गाची तपासणी, नसबंदी, संभोग, वीर्यस्खलन यांपैकी कशानेही तो होऊ शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो, नाक चोंदते, अंगावर काटा येतो.

तुमचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असू शकतो. त्यामुळे १४० दिसला की नर्स 'थोडा जास्त आहे' म्हणून सोडून देईल. तुमच्यासाठी नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ म्हणजे धोका. अशा वेळी:

1. चालू असलेली क्रिया ताबडतोब थांबवा.
2. उठवून बसवा, पाय खाली सोडा.
3. पट्टा, नाडी, मोजे, लघवीच्या पिशवीचे बंद सैल करा.
4. नळी दुमडली वा तुंबली आहे का पाहा, मूत्राशय रिकामे करा.
5. दोन-तीन मिनिटांत उतरले नाही तर डॉक्टरांना बोलवा.

सिल्डेनाफिलसारखी ताठरतेची गोळी घेतली असेल तर ते न लाजता सांगा. रक्तदाब उतरवायला नायट्रेटचे औषध दिले गेले तर दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

कायदा तुमच्या बाजूने काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती दिव्यांगांपर्यंत पोहोचवणे ही सरकारची जबाबदारी आहे, आणि तुमच्या मुक्त व समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. हे कलम हवेतून आलेले नाही. १९९४ साली पुण्याच्या सरकारी रुग्णालयात शिरूरच्या वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्यात आली, त्यावरचा वाद अनेकांना आठवत असेल. 'पाळीचा त्रास नको' म्हणून गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला आजही घरचे लोक देतात. तो तुम्ही नाकारू शकता.

कलम २५ नुसार रुग्णालयाच्या सर्व भागांत अडथळा नसलेला प्रवेश आणि तपासणीत प्राधान्य हे तुमचे हक्क आहेत.

नको असलेले दिवस राहिले तर गर्भपाताचा कायदा २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने परवानगी देतो. २० ते २४ आठवड्यांच्या गटात २०२१ च्या नियमांनी मोठे शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांचा स्पष्ट समावेश केला आहे, तेव्हा दोन डॉक्टरांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची, सासूची, आईची सही लागत नाही, आणि लग्न झालेले असण्याचीही अट नाही. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुकानातून गोळ्या आणून घरी गर्भपात करू नका. गर्भ नळीत असेल तर तुम्हाला कळही येणार नाही.

उलट बाजूने, दिव्यांग स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करणे हा कलम ९२ खाली गुन्हा आहे. त्यात 'तीव्र अपंगत्व' असल्यास डॉक्टरांचे मत व पालकाची संमती अशी एक सवलत ठेवली आहे. मला ती धोकादायक वाटते. पण पाय चालत नाहीत एवढ्यावरून सज्ञान बाईला कुणी पालक लागत नाही, हे लक्षात ठेवा.

अडवले तर

घराबाहेर पडणे अवघड असेल तर निरोध, गोळ्या, तातडीची गोळी आशाताई नाममात्र दरात घरपोच देतात, हे त्यांच्या कामातच आहे. तपासणीच्या वेळी सोबतच्या माणसाला पाच मिनिटे बाहेर थांबायला सांगा. अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना हळूच सांगा, तेच सांगतील. आरोग्य केंद्रात उत्तर मिळाले नाही तर जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत मज्जारज्जूच्या इजेची माहिती असलेले डॉक्टर भेटतील. त्यांची चिठ्ठी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलात तर निम्मी समजावणी वाचते.

सेवा नाकारली तर तोंडी वाद घालत बसू नका. तारीख घालून वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तरी हालचाल झाली नाही तर त्या पोचीची आणि यूडीआयडी कार्डाची प्रत जोडून पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार पाठवा.